ढुंगणाला हवा लागू द्या

मूल झालं की नाक कुणाचं आणि कपाळ कुणाचं यावर दोन्ही घरांत वाद रंगतो. मग कधीतरी चर्चा खाली सरकते. आमच्या चिरंजिवांचं ढुंगण लाल झालं, आणि ते सार्वजनिक मालमत्ता झालं. कुरिअरवाला सोडून घरात येणारा प्रत्येक जण "बघू, बघू" म्हणत डायपर उघडून बघायचा आणि निदान करूनच उठायचा.

सासूबाई म्हणाल्या, "हे तुमचं प्लॅस्टिक! आमच्या वेळी जुन्या धोतराचे मऊ लंगोट असायचे." मुद्दा बिनतोड, फक्त महिना जुलै आणि गाव डोंबिवली. पंख्याखाली लंगोट, खुर्च्यांच्या पाठीवर लंगोट, वायफायच्या डब्यावरही एक लंगोट, आणि इस्त्री फिरवूनही सगळे दमटच. ते बांधले की कातडी पुन्हा लाल. आईने फोनवरून पावडर थापायला सांगितलं. मालिशवाल्या मावशींचा खोबरेलवर विश्वास, शेजारच्या काकूंचा हळद-बेसनावर. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने तर न बघताच ट्यूब काढून दिली: "न्या, सगळ्यावर चालते." बायकोने तिच्यावरची बारीक अक्षरं वाचली. स्टिरॉइड, जंतूंचं औषध, बुरशीचं औषध, सगळं एकाच ट्यूबमध्ये! ट्यूब परत गेली आणि आम्ही बालरोगतज्ज्ञांकडे.

डॉक्टरीणबाईंनी जे सांगितलं ते ऐकून मला घाम फुटला. शूत शी मिसळली की शीतले जंतू शूमधल्या युरियाचा अमोनिया करतात. त्याने कातडीचा मुळातला आम्लपणा जातो आणि शीतले पाचक रस चेकाळतात. म्हणजे दूध पचवून झालं, आता आमच्या बाळाची कातडी पचवायला घेतली! म्हणून शी झाली की "एवढी मालिका संपू दे" चालत नाही. लगेच सोडायचं, कोमट पाणी आणि कापूस घ्यायचा, घासायचं नाही, नुसतं टिपायचं. सुगंधी वाइप्स नकोत. पावडर तर नकोच. ती उडून बाळाच्या श्वासात जाते. (हे आईला कुणी सांगायचं, यावर आमची अजून बोलणी चालू आहेत.) डायपर करकचून बांधायचा नाही. आणि झिंक ऑक्साइडचं मलम पावभाजीच्या पावाला लोणी लावतात तसं सढळ हाताने लावायचं. पुढच्या वेळी तो पांढरा थर खरवडत बसायचं नाही. वरचा मळलेला तेवढा पुसून त्यावरच नवा द्यायचा. जांघेच्या घड्यांत लालभडक होऊन भोवती सुटे ठिपके उठले, तर ती बहुधा बुरशी. तिचं मलम वेगळं. ते दिसलं किंवा दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही, तर परत दाखवायचं.

"आणि मुख्य औषध म्हणजे हवा," बाई म्हणाल्या. "दिवसातून थोडा वेळ तसंच उघडं ठेवा."

"हवेचे पाचशे रुपये?" सासूबाई जिन्यातच म्हणाल्या.

हवेचं खातं माझ्याकडे आलं. "जावईबापू, नाहीतरी मोबाइलच बघत बसता, त्यापेक्षा इकडे बघा." मेणकापड, त्यावर दुपटं, त्यावर महाराज. डायपर असताना हा माणूस तासन् तास कोरडा राहतो. काढला की आधी पाय झाडतो, मग छताकडे बघत विचारमग्न होतो, आणि आपण जरा मान वळवली की कारंजं! मी दुसरं दुपटं दोन्ही हातांत ताणून गोलकीपरचा पवित्रा घ्यायला शिकलो. त्यावर तो डावीकडे कलंडून नेम धरायला शिकला.

लाली उतरली. श्रेय खोबरेलला, हळदीला आणि घरात कुणी न लावलेल्या पावडरलाही मिळालं. हवा मात्र सासूबाईंनी चालूच ठेवली. पाचशे रुपये वसूल व्हायचे होते.

परवा ऑफिसची ऑनलाइन मीटिंग आणि हवेची वेळ एकच आली. कॅमेरा बंद केला, माइक राहिला. महाराजांनी मेणकापडाच्या कोरड्या कोपऱ्यावर नेम साधला. टप् टप् टप्, बराच वेळ.

"कसला आवाज येतोय?" साहेबांनी विचारलं.

"पाऊस, सर. डोंबिवलीत धो धो चाललाय."

"अरे, मी पण डोंबिवलीतच राहतो," साहेब म्हणाले. "इथे तर कडक ऊन पडलंय."