आमच्याकडे फक्त कुत्री-मांजरं येतात!

डॉक्टर, बर्ड फ्लूच्या तयारीची सुरुवात दारावरच्या पाटीपासून करा. ‘कुत्रा-मांजर दवाखाना’ असं ठळक अक्षरांत लिहिलंय ना? मग निम्मं काम झालं. विषाणू साक्षर असतो. पाटी वाचेल, ओशाळेल आणि आल्या पावली परत जाईल. ज्या रोगाच्या नावातच पक्षी आहे, त्याची काळजी कोंबड्या पाळणाऱ्यांनी करावी.

तरीही कुणीतरी आगाऊ माणूस भेटतोच. तो सांगेल, २००४ मध्ये थायलंडमधल्या एका प्राणिसंग्रहालयात वाघांना कच्ची कोंबडी खाऊ घातली आणि ४४१ वाघांपैकी १४७ दगावले किंवा मारावे लागले. त्याला म्हणा, वाघ कुठे, आमचं मांजर कुठे! मग तो मांजरांवर येईल. २०२३ मध्ये पोलंडमध्ये मांजरं मेली, त्यात घराबाहेर पाऊल न टाकणारीही होती. त्याच वर्षी दक्षिण कोरियात निवारा केंद्रांतली मेली. २०२४ मध्ये अमेरिकेत बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू चक्क दुभत्या गायींत शिरला आणि त्यांचं कच्चं दूध प्यायलेली गोठ्यातली मांजरं गेली. अशा माणसाशी वाद घालू नका. त्याला वेटिंगमध्ये बसवा आणि विसरून जा.

आता फोनचं बघू. अपॉइंटमेंट घेताना मांजराचं नाव, वय आणि लाडाचं नाव एवढं विचारलं की पुरे. मांजर बाहेर भटकतं का, त्याने मेलेला पक्षी तोंडात धरला होता का, त्याला कच्चं मांस किंवा न तापवलेलं दूध देता का, आसपास कोंबड्या-बदकं अचानक मेली आहेत का, असले प्रश्न म्हणजे निव्वळ भोचकपणा. ‘गाडीतच थांबा, आम्ही बाहेर येऊन बघतो’ असं तर चुकूनही म्हणू नका. पेशंट दारातून आत आला पाहिजे, सगळ्यांच्या मांडीजवळून गेला पाहिजे. माणुसकी म्हणून काही आहे की नाही?

वेटिंगमध्ये जागा कमीच असते. त्यामुळे ताप भरलेल्या, धापा टाकणाऱ्या मांजराची टोपली पोपटाच्या पिंजऱ्यावर ठेवायला हरकत नाही. मांजराची चाल अडखळते, झटके येतात, त्याला अचानक डोळ्यांनी दिसेनासं झालंय, असं मालक म्हणाला तर ‘हवा बदललीय’ हे निदान तयार ठेवा. रेबीजचं नावही काढू नका. एका संशयाने दुसरा जागा होतो आणि मग हातमोजे शोधावे लागतात.

हातमोज्यांवरून आठवलं. पीपीई किट आणाच, पण कपाटावर, शिडीशिवाय हात पोचणार नाही अशा जागी ठेवा. एन-९५ मास्क सगळ्यांना एकाच मापाचा घ्या. चेहऱ्याला घट्ट बसतो का याची चाचणी करणं म्हणजे डॉक्टरांच्या दाढीवर अविश्वास दाखवणं. मास्क हनुवटीवर ओढून बोललं की आवाज स्वच्छ येतो (हे मी स्वतः अनेक सभांत करून पाहिलंय). गॉगल मात्र नको, त्यावर वाफ धरते. तसंही विषाणू डोळ्यांतून कशाला शिरेल? २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये एच७एन७ या बर्ड फ्लूच्याच भावंडाची साथ आली तेव्हा ८९ माणसांना लागण झाली. बहुतेकांचं दुखणं एवढंच, की डोळे लाल झाले.

त्या साथीत एक माणूस दगावला. तो पशुवैद्य होता. लागण झालेल्या फार्मवर काम करून आला होता. ही माहिती तयारीच्या फायलीत घालू नका. मनोबल खचतं.

किट चढवणं सगळ्यांनाच जमतं. खरी कसरत उतरवताना. आधी हातमोजे, मग गॉगल, मग गाऊन, सगळ्यात शेवटी मास्क, आणि शेवटी हात साबणाने धुणं, असा काहीतरी क्रम सांगतात. तुम्ही आधी मास्क काढा, त्याच हातमोज्यांनी कपाळाचा घाम पुसा, मोबाइल उचला आणि ‘हो, येतोच’ म्हणा. मोबाइल धुण्याचं कोणत्याही पुस्तकात लिहिलेलं नसतं, त्यामुळे ते राहिलं तरी चालतं.

आता मावशींविषयी. हा भाग जरा सावकाश वाचा, कारण तयारीच्या बैठकीत तो कधीच येत नाही. बैठकीला डॉक्टर असतात, जास्तीत जास्त कंपाउंडर. मावशी तेव्हा बाहेर फरशी पुसत असतात. आणि त्यांनी तिथेच राहावं. पिंजऱ्यातली विष्ठा काढायला, उलटी पुसायला, मांजराने लाळ गाळलेलं फडकं उचलायला त्याच असणार, म्हणून त्यांना मास्क द्यायचा नाही. मास्क तपासणाऱ्यासाठी असतो. डॉक्टर पेशंटजवळ काही मिनिटं उभे असतात, मावशी तासभर वाकलेल्या असतात. पण एका बाजूला डिग्री आहे, दुसऱ्या बाजूला फक्त कंबर. किट मोजून आणताना हा फरक लक्षात ठेवला की बराच खर्च वाचतो. त्यांनी विचारलंच, ‘साहेब, हे मांजर कसलं आजारी आहे?’ तर ‘तुम्ही साफ करा, मावशी’ असं प्रेमाने सांगा.

साफ कसं करायचं तेही सांगून ठेवा. कोरडा झाडू जोरात मारायचा, म्हणजे वाळलेली विष्ठा, पिसं आणि धूळ हवेत नीट पसरते आणि दवाखान्यातल्या प्रत्येकाला समान वाटा मिळतो. पाण्याचा जोरदार फवारा असेल तर अतिउत्तम. जंतुनाशक थेट घाणीवरच ओता. आधी घाण काढा, साबणाने धुवा, मग औषध लावा आणि लेबलवर लिहिलेली मिनिटं ते ओलंच राहू द्या, ही पद्धत रिकामटेकड्यांची. वास्तविक हा विषाणू बिचारा नाजूक. बाहेरून चरबीचं आवरण, साध्या साबणानेसुद्धा विरघळतं. ब्लीच, अल्कोहोल, काहीच सोसत नाही. म्हणूनच त्याला विष्ठेचं पांघरूण घालून सांभाळावं लागतं.

थंडी मात्र त्याला मानवते. गार पाण्यात आणि गार विष्ठेत तो कित्येक आठवडे तग धरतो. म्हणून कुणी मेलेला पक्षी आणून दिला तर लशींच्या फ्रीजमध्ये ठेवा. लसही टिकेल, विषाणूही. पिशवी एकच वापरा, तीही पातळ. वेळ मिळाला तर त्याच टेबलावर पोस्टमॉर्टेम करून बघा, ज्यावर संध्याकाळी पिल्लांना डोस द्यायचेत. हा रोग सरकारी पशुआरोग्य यंत्रणेला तातडीने कळवायचा असतो आणि नमुने कसे, कशात, कुठे पाठवायचे हे त्यांनाच विचारायचं असतं. पण त्यांना कळवलं की ते येतात. आले की शेजारी बघतात. त्यापेक्षा मालकाला अँटिबायोटिक द्या. विषाणूवर त्याचा उपयोग शून्य, पण बिलात एक ओळ वाढते.

राहिला स्टाफ. लागणीशी संबंध आलेल्या माणसावर दहा दिवस लक्ष ठेवायचं, ताप, खोकला, डोळ्यांची लाली दिसली तर लगेच डॉक्टरांना फोन, अँटिव्हायरल औषधाबद्दल विचारणा, ही सगळी उठाठेव. कंपाउंडरचे डोळे लाल दिसले तर रात्री जागरण झालं असेल असं समजा आणि त्याला काउंटरवर बसवा. माणसांच्या नेहमीच्या फ्लूची लसही स्टाफला देऊ नका. एकाच शरीरात दोन विषाणू एकत्र आले तर जनुकांची देवाणघेवाण करून तिसराच जन्माला घालू शकतात म्हणे. नव्या पिढीला आपण कशाला अडवायचं?

एवढं झालं की तयारीची फाइल बांधा, कपाटात ठेवा आणि किल्ली रजेवर जाणाऱ्या माणसाकडे द्या. रंगीत तालमीची गरज नाही. तेवढ्यात फोन वाजेल. पलीकडून कुणीतरी रडवेल्या आवाजात म्हणेल, ‘डॉक्टर, मांजराला सकाळपासून झटके येताहेत. परवा त्याने एक मेलेला कावळा तोंडात धरून घरात आणला होता.’

लगेच या म्हणावं. आणि कावळा ठेवला असेल, तर तोही घेऊन या.