नर नाही, मग अंडी कशी?

मादी कॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, पाळणाऱ्यांमध्ये एक मेसेज सारखा फिरतो. थोडक्यात तो असा: नर नसेल तर मादी अंडी घालत नाही, म्हणून वाळूचा डबा ठेवायची गरज नाही, पोट फुगलं म्हणजे तब्येत छान, खाणं सुटलं तर आठवडाभर वाट बघा, आणि अंडी अडलीच तर कोमट पाण्यात बसवून पोट हलक्या हाताने दाबा. पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण यातल्या शेवटच्या सल्ल्याने जीव जाऊ शकतो, आणि मादीला तिथवर आणून सोडतो तो पहिला सल्ला.

कोंबडी कोंबड्याशिवाय अंडी देते, याचं कुणाला नवल वाटत नाही. व्हेल्ड कॅमेलिऑनचं तेच आहे. मूळची येमेन आणि नैऋत्य सौदी अरेबियातली ही जात पाळण्यात भरपूर दिसते. मादी चार ते सहा महिन्यांत वयात येते आणि नराचं तोंडही न बघता अंड्यावर येऊ शकते. त्या अंड्यांतून पिल्लू निघत नाही, एवढंच. शरीरावरचा ताण तोच, खर्ची पडणारं कॅल्शियमही तेच. जॅक्सन कॅमेलिऑन मात्र पिल्लांना जन्म देते, तिला अंड्यांसाठी वाळू लागत नाही. मेसेज लिहिणाऱ्याने तिच्यावरून सगळ्यांना एकच माप लावलं असेल तर कोण जाणे.

आता वाळू. जागा पसंत पडली नाही तर मादी अंडी पोटात धरून ठेवते, आणि ‘अडणं’ बऱ्याचदा इथूनच सुरू होतं. म्हणून वयात आलेल्या मादीच्या पिंजऱ्यात डबा कायमच असावा: धुतलेली वाळू, निदान एक फूट खोल, ओलसर पण चिखल नव्हे. बोट खुपसून भोक पाडावं. ते ढासळलं नाही तर ओल बरोबर. माझ्या मादीने पहिल्या वेळी दोनदा बोगदा अर्धवट सोडला, कारण मी दर तासाला डोकावत होतो. शेवटी पिंजऱ्यावर चादर टाकली. दुसऱ्या दिवशी बारक्या फटीतून पाहिलं तर ती आत वळून बसलेली, बोगद्याच्या तोंडाशी फक्त मातकट डोकं. नंतर तिने खड्डा बुजवून वरून इतका चोपून काढला की कुठे खणलं होतं ते शोधावं लागलं.

फुगलेलं पोट अंड्यांचंही असतं, आणि ते कौतुकाने वाढवू नये. रोज पोटभर किडे आणि दिव्याखाली कडक ऊन मिळालं की अंड्यांची खेप मोठी होते, 70 च्या पुढेही जाते. पूर्ण वाढलेल्या मादीला एक दिवसाआड मोजकं खाणं द्यावं आणि दिव्याखालचं तापमान 27 अंशांच्या आसपास ठेवावं. अंडी कमी येतात. वाढत्या पिल्लाला मात्र उपाशी ठेवू नका. कॅल्शियमची पूड आणि यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा दोन्ही हवेत, एकाने भागत नाही.

खाण्याबद्दलचा सल्ला अर्धा खरा आहे. अंडी घालायच्या आधी काही दिवस भूक मंदावते, मादी अस्वस्थपणे खाली-वर करते, कोपरे खरवडते. डोळे टक्क उघडे आहेत, पाणी पिते आहे, फांदीवरची पकड घट्ट आहे, तोवर तिला एकटं सोडावं. दिवसा डोळे मिटून बसली, तळाशी पडून राहिली किंवा खणून खणून दमली तरी अंडी आली नाहीत, तर आठवडा सोडाच, त्याच दिवशी सरपटणारे प्राणी बघणाऱ्या पशुवैद्याकडे न्यावं.

पोट तर मुळीच दाबू नये. अंड्याचं कवच कातड्यासारखं मऊ असतं. ते आत फुटलं तर बलक पोटात पसरून दाह होतो. शिवाय कधी कधी बीजकोशातले बलकाचे गोळेच पुढे सरकलेले नसतात, मग दाबून बाहेर येणार काय? नेमकं काय अडलंय ते एक्स-रे किंवा सोनोग्राफीतच कळतं. त्यावरून सलाइन, कॅल्शियम, ऑक्सिटोसिन (अंडी बाहेर ढकलायला लावणारं इंजेक्शन) की थेट शस्त्रक्रिया, हे ठरतं. वाट खरोखर बंद असताना ऑक्सिटोसिन दिलं तर घात होतो, त्यामुळे इंजेक्शनही अंदाजाने द्यायची गोष्ट नाही. आणि कोमट पाणी? पानांवरचे थेंब चाटून पिणाऱ्या प्राण्याला टबात बसवलं की तो फक्त घाबरतो. त्यापेक्षा पानांवर फवारा मारा, आणि दवाखान्यात जाताना शेवटचं कधी खाल्लं, कधी खणलं, एवढं लिहून न्या.