मनात ठेवणं म्हणजे गिळणं नव्हे

सप्टेंबरच्या नोव्हेनात, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेत, आमच्याकडल्या एका चर्चमध्ये फादर येशूच्या आईबद्दल म्हणाले, "मरियामाय सगळं मनात ठेवायची. आजच्या मुलींना मात्र लगेच तोंड फुटतं." त्या रात्री मुंबईतल्या मरोळ गावठाणातला आमचा फॅमिली ग्रुप पेटला. मावशीने हात जोडलेले टाकले. वर्षभरापूर्वी लग्न झालेल्या चुलतबहिणीने लिहिलं, "हेच मला सासरी रोज ऐकवतात." काका म्हणाले, रोझरीत (जपमाळेच्या प्रार्थनेत) भांडणं नकोत.

डब्लिनमध्ये नाइट ड्यूटीच्या ब्रेकमध्ये मी हे वाचत होते. मी बहिणीच्या बाजूची. पण मरियेला बाजूला सारून नव्हे, तिचाच हात धरून.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, दुसऱ्या अध्यायात मरियेने गोष्टी अंतःकरणात ठेवल्या, असं दोनदा येतं. दुसरी वेळ बघा. बारा वर्षांचा येशू यरुशलेमेत मागे राहिला, तीन दिवसांनी मंदिरात सापडला. आईने आधी काय केलं? सगळ्यांदेखत जाब विचारला, बाळा, आमच्याशी असा का वागलास? त्याने उत्तर दिलं, ते आईबापांना कळलंच नाही, असं लूक सरळ लिहितो. मनात ठेवणं येतं ते यानंतर. म्हणजे विचारून झालं, ऐकून झालं, तरी उकललं नाही, ते तिने फेकून न देता जपलं. देवदूतालाही ती आधी "हे कसं होईल?" विचारते, मग हो म्हणते. काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपल्याचं तीच बोलते. अशा बाईचं नाव घेऊन सुनांना गप्प करायचं, हे मला तरी पटत नाही.

आता आमच्या घरची रोझरी. तिच्यात येशू-मरियेच्या आयुष्यातल्या प्रसंगांवर, म्हणजे 'रहस्यां'वर, मनन करत जप करायचा असतो. लहानपणापासून ती मी लोकलच्या घोषणेसारखी ऐकली. पुढील स्टेशन अंधेरी, पुढील रहस्य येशूचा जन्म. त्रेपन्न 'नमो मरिये' पंधरा मिनिटांत, कारण आठला सिरियल. २००२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी एका पत्रातून प्रकाशाची पाच रहस्यं जोडली, ती आम्ही लगेच घेतली. त्याच पत्रात त्यांनी रहस्य सांगितल्यावर थोडं शांत थांबायलाही सांगितलं होतं. ते मात्र सोयीने राहून गेलं.

ते थांबणं मला इथे भेटलं. आयर्लंडच्या सरकारी टीव्हीवर संध्याकाळी सहाला अँजेलसची, म्हणजे मरियेच्या प्रार्थनेची, घंटा वाजते. अठरा ठोके, पडद्यावर हातातलं काम थांबवून शांत झालेली माणसं, शब्द एकही नाही. हे सरकारी वाहिनीवर कशाला, असा वाद इथेही आहेच. पण वॉर्डातल्या, एरवी चर्चला नावं ठेवणाऱ्या एक आजीबाई तेवढ्या वेळात चमचा खाली ठेवायच्या. मरोळलाही बाराची घंटा व्हायची, पण डोक्यावरून विमान गेलं की अर्धी त्यातच बुडायची.

म्हणून इथलं सगळं थोर, असं नाही. इथे मी एकटी मनन करते आणि पुष्कळदा ते नुसतं घोळत बसणं होतं. मध्येच टोकायला कोणी नसतं. माझा व्हिसा अडकला तेव्हा मम्मीने मोत माउलीला, म्हणजे वांद्र्याच्या माउंट मेरीला, मेणाचं विमान वाहिलं होतं. तेव्हा मी हसले होते. आज त्या गर्दीत, घामात उभं राहायला मी काहीही देईन.

ग्रुपवर मी एवढंच सुचवलं की प्रत्येक रहस्यानंतर एक मिनिट थांबू या, आणि ज्याच्या मनात काही अडकलं असेल त्याने शेवटी बोलावं. सुनांनीसुद्धा. काकांनी फक्त अंगठा टाकला.

शनिवारी, तिकडचे साडेसात, इथले दुपारचे तीन, व्हिडिओ कॉल लागला. आनंदाची रहस्यं. पहिल्या मिनिटात कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या आणि विसाव्या सेकंदाला काकांनी 'नमो मरिये' सुरू केलं. पाचव्या रहस्याला, मंदिरात सापडलेल्या मुलापाशी, तेही पूर्ण मिनिट थांबले. मग बहीण म्हणाली, "मला एक विचारायचंय." मावशीने उठून टीव्हीचा आवाज बंद केला.