घाटकोपर यायच्या आत

परवा भाचीने एक रील पाठवलं. रोज पहाटे पाचला उठलं की वर्षाला किती तास 'जास्तीचे' मिळतात, त्याचा हिशेब. मी तिला उलट माझा हिशेब पाठवला. बदलापूर ते सीएसएमटी जाऊन-येऊन तीन तास, वर्षाचे २५० दिवस, झाले ७५० तास. म्हणजे दरवर्षी एक अख्खा महिना लोकलमध्ये. अशी २४ वर्षं रोज ये-जा केली, त्यातली २ वर्षं मी रात्रंदिवस गाडीतच होते म्हणायची.

तिने रडका इमोजी टाकला. पण खरं सांगू का, त्या दोन वर्षांचं मला फारसं वाईट वाटत नाही.

संध्याकाळी सीएसएमटीला गाडी लागली की खिडकी धरायची, मांडीवर पेपर पसरायचा आणि मेथीची जुडी सोडायची. दादरला आत लोंढा येतो, मग कोपर हलवायला जागा राहत नाही, म्हणून निम्मी जुडी त्याआधीच. उरलेली घाटकोपर यायच्या आत. पुढे ठाण्यापर्यंत मटार, आणि ठाण्याला उठून उभ्या असलेल्या कुणाला तरी बसायला द्यायचं, हा आमच्या ग्रुपचा नियम. घरी हीच मेथी निवडायला मला पाऊण तास लागतो. मध्ये फोन, बेल, दूध उतू जाणं, काय वाट्टेल ते.

समोरच्या काकू भायखळ्याला चढायच्या आणि विनोबांची गीता-प्रवचनं वाचायच्या. रोज एक अध्याय, डोंबिवलीला पुस्तक बंद. त्यांनीच मला सांगितलं, की १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी एका अध्यायावर बोलत आणि साने गुरुजी ते लिहून घेत. १८ अध्याय, १८ रविवार. "त्यांना रविवार होता, मला डोंबिवली आहे," असं म्हणून काकू स्वतःच हसायच्या.

आणि एक होती ती फक्त झोपायची. चौथ्या सीटवर, अर्धी बाहेर लोंबकळत, तरी गाढ. तिला कुणी नावं ठेवलेली मला आवडत नसत. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, रात्री तीनदा उठायला लागायचं. दिवसभरात तिच्या एकटीचा म्हणून तेवढाच वेळ होता, आणि तिने तो झोपून सत्कारणी लावला. पाचला उठायला सांगणाऱ्या रीलवाल्यांनी तिला येऊन भेटावं.

मग मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली आणि माझे तीन तास मला परत मिळाले. रोजचे, फुकट. मी यादीसुद्धा केली होती. पेटी शिकायची, माळा आवरायचा, आणि आईची पाककृतींची वही नीट उतरवून काढायची. पुढे ऑफिसने घरूनच काम चालू ठेवलं, म्हणजे वेळ आणखी होता. त्यातलं काय झालं? माळा अर्धा आवरला. बाकीचे तास कुठे गेले ते देवाला ठाऊक. चोरीला गेले म्हणावं तर पोलिसांत तक्रार कशाची करणार!

खूप दिवस मी स्वतःला आळशी म्हणत होते. आता तसं वाटत नाही. गाडीतल्या वेळेला काठ होते. दादर, घाटकोपर, ठाणे. घरातल्या वेळेला काठच नव्हता, त्यामुळे ती ओट्यावर सांडलेल्या पाण्यासारखी पसरत गेली. 'नंतर करू' म्हणायला कायम जागा शिल्लक. गाडीत 'नंतर' म्हणजे कल्याण.

लोकलचं कौतुक करतेय असं कृपा करून समजू नका. दारातून पडून माणसं जातात, त्यात कौतुक करण्यासारखं काहीही नाही. गर्दीने मला दिलं ते पाठदुखी आणि दोन हरवलेल्या छत्र्या.

पण गेल्या काही महिन्यांपासून आठवड्यातून दोन दिवस ऑफिसला बोलावतात, आणि मी पर्समध्ये आईची वही टाकते. शाईचं अक्षर, कडा पिवळ्या पडलेल्या, बऱ्याच पानांवर तेलाचे डाग. येताना एक पान मोबाईलवर टाइप करायचं. फार नाही, एकच, आणि तेही घाटकोपरच्या आत. आतापर्यंत एकतीस पानं झाली.

मंगळवारी कुरडयांचं पान होतं. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, सगळं व्यवस्थित. आणि चीक शिजवायला पाणी किती घ्यायचं, नेमका तो आकडा डागाखाली. विद्याविहारच्या आसपास आईला फोन लावला. ती ८१ वर्षांची आहे. मला हल्ली कधीकधी मावशीच्या नावाने हाक मारते.

"आई, कुरडयांच्या चिकाला पाणी किती गं?"

"किती म्हणजे? चीक कसा पडलाय त्यावर. बघून घालायचं."

"अगं, पण वहीत तू आकडा लिहिला होतास."

"तो तुझ्या वडिलांनी लिहायला लावला होता. मी कधी मोजलंय?"

बाजूची विचारत होती, कुठे उतरणार. मी तिला बदलापूर म्हटलं, आणि त्या रिकाम्या जागी टाइप केलं, 'पाणी : बघून'.