चकमकीचे पाच हजार

परत तेच. मित्राने लोणावळ्याजवळच्या कुठल्याशा फार्महाऊसवर दोन दिवसांच्या बुशक्राफ्ट (म्हणजे जंगलात तगून राहायचं कसब) कोर्सला साडेपाच हजार भरले, शिकला काय तर फेरो रॉडने, म्हणजे ठिणग्या पाडणाऱ्या चकमकीने, कापूस पेटवायला आणि ताडपत्री बांधायला, वर त्यांच्याकडूनच तीन हजारांची सुरी घेऊन आला!! अरे कापायचंय काय तिने? हरिश्चंद्रगडावर न्यायची म्हटली तर तो गड अभयारण्यात येतो, तिथे झाड तोडणं, जाळ करणं चालतच नाही.

गडाच्या पायथ्याच्या पाचनई गावातल्या कोणा मामांना सोबत घे ना, पावसात वाट कशी ओळखायची, कुठल्या टाक्यातलं पाणी प्यायचं, ओढा चढला की का थांबायचं हे ते चालता चालता सांगतात आणि पैसे गावात राहतात. शिकायचंच असेल तर गिर्यारोहण शिकवणारी उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट १९६५ पासून आहे, तिथला बेसिक कोर्स जवळपास महिनाभर चालतो, तिथे भरलेले पैसे मी कधीच वाया म्हणणार नाही. बूट, हेडटॉर्च आणि रेनकोट यात काटकसर नको हेही मान्य, पण बूट म्हणजे बारा हजारांचे नव्हे, सह्याद्रीच्या ओल्या कातळावर अ‍ॅक्शन कंपनीचे स्वस्तातले बूटसुद्धा मस्त पकडतात. पुढच्या महिन्यात मित्र त्याच बुशक्राफ्टची ‘लेव्हल टू’ करतोय म्हणे, डोकंच फिरलं माझं.