घंटी वाजवली ना, मग व्हा बाजूला!

आज सकाळी पुन्हा तेच. फूटपाथवरून चालले होते. फूटपाथवरून, रस्त्यावरून नाही, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून कुणाला तरी वाटणारच की बाई मध्ये आली असणार. आपल्या चालीने, कडेकडेने, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मागून काहीतरी सर्रकन आलं, खांद्यावरच्या पिशवीचा बंद त्याच्या हँडलमध्ये अडकला, हिसका बसला आणि मी अर्धी गिरकी घेऊन भिंतीवर आपटले. सायकलवाला चार हात पुढे जाऊन थांबला. मला वाटलं, विचारेल बिचारा, लागलं का म्हणून. तर मागे वळून म्हणतो कसा, "ओ काकू, बघून चाला ना जरा!"

बघून चाला! मागून तू येणार आणि बघून मी चालायचं. पाठीला डोळे फुटायची वाट बघू का?

आणि काकू कुणाला रे? हेल्मेटखालून दिसणारे तुझे कल्ले माझ्या केसांपेक्षा जास्त पिकले होते.

हे सगळं मला तिथे सुचलं असतं तर किती बरं झालं असतं. अशा वेळी तोंडातून शब्दच फुटत नाही. सणसणीत उत्तर सुचतं ते अर्ध्या तासाने, घरी आल्यावर, खांदा चोळताना. तोवर तो महाभाग पुढच्या कुणाच्या तरी पाठीशी पोचलेला असतो. म्हणून इथे लिहून काढते, नाहीतर दिवसभर घरातल्यांवर राग निघेल.

थांबल्यावर त्याचं दुसरं वाक्य होतं, "घंटी वाजवली होती मी." हे तर जणू ब्रह्मवाक्य. घंटी वाजवली म्हणजे आपलं कर्तव्य संपलं, पुढचं ज्याचं त्याने बघावं. अरे, घंटी म्हणजे काय वटहुकूम आहे का? "मी येतोय, सावध असा" एवढं सांगायला ती दिलेली आहे. तू ती "हटा, आमची स्वारी येतेय" अशा थाटात वाजवतोस. हीच घंटी तू रस्त्यावर ट्रकच्या मागे कधी वाजवून बघितली आहेस? तिथे कसा मुकाट्याने कडेला होतोस, अंग चोरून. बळी तो कान पिळी. ट्रकवाल्याने तुझा पिळला, तू माझा पिळ. माझ्या हातात कुणाचा कान आहे, सांग.

बरं, घंटी ऐकू आली तरी माणसाने करायचं काय? ती नुसती ट्रिंग ट्रिंग करते. डावीकडून येतोय की उजवीकडून, एकटा आहे की मागे अजून तिघं आहेत, काही कळत नाही. मी डावीकडे सरकते, तोही डावीकडे वळतो. मी उजवीकडे, तोही उजवीकडे. शेवटी दोघं समोरासमोर फुगडी घालायला उभे राहिल्यासारखे, आणि "च्च" करून वैतागतो कोण? तो!

जपानचं उदाहरण देतात काही जण. तिथे म्हणे सगळे फूटपाथवरूनच सायकल चालवतात. चालवतात, पण तिथला नियमही जरा वाचा. 13 वर्षांखालची मुलं आणि 70 च्या पुढची माणसं फूटपाथवर सायकल नेऊ शकतात, शिवाय जिथे तशी पाटी आहे तिथे बाकीचे. आणि नेताना अगदी हळू न्यायची. चालणाऱ्याला अडथळा होईल असं दिसलं तर थांबायचं. थांबायचं कुणी? सायकलवाल्याने. जर्मनीत 8 वर्षांपर्यंतच्या मुलांनी फूटपाथ किंवा वेगळा सायकलमार्गच वापरायचा, 10 पर्यंतच्यांना मुभा, आणि रस्ता ओलांडताना त्या पोरांनीसुद्धा खाली उतरायचं. आठ वर्षांचं पोर उतरतं. आमचे हे, मांड्यांना चिकटलेली चड्डी घातलेले, उतरतील तर शपथ.

ब्रिटनमध्ये तर फूटपाथवर गाडी चालवायची बंदी 1835 सालची आहे, घोडे आणि घोडागाड्यांच्या काळातली. तेव्हा पेडलवाली सायकल रस्त्यावर यायची होती. ती आली, आणि 1888 च्या कायद्याने तिलाही गाडीच धरलं. विषय संपला. ती गाडी आहे. दोन चाकांची, बिनआवाजाची, बिनधुराची, पण गाडी.

त्याच्याही मागे जायचं तर 1817 मध्ये कार्ल द्राइस नावाच्या जर्मन गृहस्थाने लाकडी दुचाकी काढली. पेडल नव्हतं, पायाने जमीन ढकलत पळायचं. तेव्हाचे रस्ते घोडागाड्यांच्या चाकांनी खड्ड्यात गेलेले, म्हणून हौशी मंडळी ती घेऊन चढली फूटपाथवर. चालणारे वैतागले आणि शहरांनी बंदी घालायला सुरुवात केली. म्हणजे दोन शतकं झाली. दोन शतकं हे आमच्या पाठीमागून येताहेत!

"पण मी हळूच जातो." हे दुसरं पालुपद. तुझं हळू म्हणजे किती ते बघू. माणूस चालतो ताशी 5 किलोमीटरने, माझे बाबा चालतात 3 ने. तू आरामात, दमही न लागता, 18 ते 20 ने जातोस. 18 म्हणजे सेकंदाला 5 मीटर. माझ्या पाठीमागे दहा मीटरवर असताना तू घंटी वाजवलीस, तर मला ती ऐकून, समजून, बाजू ठरवून सरकायला दोन-तीन सेकंदच मिळतात. शाळेत शिकलो होतो, वेग चौपट झाला की धडकेतली ऊर्जा सोळापट होते. आता त्यात बॅटरीवाल्या सायकली आल्या. युरोपात त्यांची मदत ताशी 25 ला बंद व्हावी असा नियम आहे, पण सायकलचं वजनच वीस-पंचवीस किलो. तो ऐवज अंगावर घ्यायचा.

आणि चालणारा माणूस काही रुळावरून चालत नाही हो. त्याला इंडिकेटर नसतो. चालता चालता बुटाची नाडी सुटते, तो वाकतो. काहीतरी विसरल्याचं आठवतं, गर्रकन मागे वळतो. पोराला कुत्र्याचं पिल्लू दिसतं, ते हात सोडवून पळतं. दोन मैत्रिणी बोलता बोलता जागच्या जागी थांबतात, कारण काही गोष्टी चालत सांगण्यासारख्या नसतातच. असं वागायची मुभा असलेली सबंध शहरात एवढी एक पट्टी आहे. रस्ता ओलांडताना डोळ्यांत तेल घालतो, जिन्यावर कठडा धरतो. फूटपाथवर तरी जरा बेसावध असू द्या ना! तीही चैन आमची तुम्हाला बघवत नाही?

आता बाबांचं सांगते, कारण खरा राग तिथला आहे. खांद्याचं काय, दोन दिवसांत बरा होईल.

बाबा 78 वर्षांचे आहेत. काठी घेऊन चालतात, एका कानात यंत्र. रोज सकाळी चाळीस मिनिटं फिरायला जायचे. त्यांना कुणी धडकलं नाही, कुणी पाडलं नाही. फक्त तीन वेळा, महिन्याभरात, कुणीतरी मागून येऊन बाहीला वारा लागेल इतक्या जवळून गेलं. बस, एवढंच. तिसऱ्या वेळेनंतर बाबा भिंतीला चिकटून चालायला लागले. मग दर दहा पावलांवर थांबून मागे बघायला लागले. मान वळवली की त्यांना गरगरतं. मग एक दिवस म्हणाले, आज नको, पाय दुखतोय. दुसऱ्या दिवशीही पाय दुखत होता. आता ते घरात फिरतात, दारापासून खिडकीपर्यंत, आणि म्हणतात, "तेवढंच होतं गं."

तेवढंच नाही होत, बाबा.

आणि सायकलवाल्यांचं म्हणणं, "कुणाला लागलं तर नाही ना?" नाही लागलं. तुझ्या हिशेबात काहीच घडलं नाही. तू आपला शीळ घालत गेलास. कुठे नोंद नाही, तक्रार नाही, पट्टीसुद्धा नाही. पण या वयात माणूस पडला तर गुडघा झटकून उठत नाही, खुब्याचं हाड मोडलं की महिनोन्महिने अंथरुणात, आणि सगळेच त्यातून उठतात असं नाही. हे म्हाताऱ्या माणसांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून ती पडायच्या आधीच घरी बसतात.

जे फूटपाथवर चालवत नाहीत, ते तिथे लावतात. मधोमध, आडवी. त्या जाड रेघांच्या आणि ठिपक्यांच्या उठावाच्या, बहुतेक पिवळ्या फरश्या असतात ना? त्या शोभेच्या नाहीत. सेइइची मियाके नावाच्या जपानी माणसाने त्या शोधल्या, 1967 मध्ये ओकायामा शहरात पहिल्यांदा बसवल्या, ज्यांना दिसत नाही त्यांना काठीने आणि तळपायाने वाट कळावी म्हणून. रेघा म्हणजे चालत राहा, ठिपके म्हणजे थांब, पुढे काहीतरी आहे. त्या रेघांवर तू सायकल उभी करतोस. रेघ सांगते चालत राहा, आणि माणूस विश्वासाने जातो तो थेट तुझ्या पेडलवर. नडगीवर पेडल कसं लागतं माहीत आहे? एकदा लावून घे.

हो, हो, माहीत आहे मला, रस्त्यावर सायकलवाल्यांचे किती हाल होतात ते. मीही चालवायचे. बस कानाला चाटून जाते, उभ्या गाडीचं दार तोंडावर उघडतं, हॉर्न मारून मारून जीव नकोसा करतात. जीव मुठीत धरून चालवावी लागते. लहान पोरं फूटपाथवर चालवतात, त्यांना मी एका शब्दाने बोलत नाही, उलट कडेला उभी राहून वाट देते. घरोघरी सामान पोचवणारी मुलं चढतात, त्यांच्यावरही मला नीट रागावता येत नाही. त्यांच्या मागे मोबाइलमधलं घड्याळ लागलेलं असतं. आणि जो गर्दी दिसली की खाली उतरतो आणि सायकल हातात धरून चालतो, त्याला माझा दंडवत. उतरला की तो आमच्यातलाच.

पण ज्याला गाड्यांनी दाबलेलं कळतं, त्याला आपण दुसऱ्याला दाबतोय हे कळू नये? वरून नाकाने कांदे सोलणार. "आम्ही पर्यावरण वाचवतो." अहो, मी पायी चालते! माझ्याइतकं पर्यावरण कोण वाचवतं? मला तर साखळीला तेलसुद्धा लागत नाही.

शिवाय फूटपाथ सुरक्षित हा तुझा भ्रमच आहे. फाटकातून गाडी बाहेर काढणारा माणूस चालणाऱ्याचा अंदाज घेऊन एक-दोन मीटरवर नजर टाकतो आणि गाडी पुढे घेतो. सेकंदाला 5 मीटरने येणारा तू त्याला दिसणार कधी? बॉनेटवर गेल्यावर.

आणि यावर शहाण्या लोकांनी काढलेला उपाय काय, तर पांढऱ्या रंगाचा डबा. आहे त्याच फूटपाथवर मधोमध रेघ मारायची, एका बाजूला सायकलचं चित्र, एका बाजूला माणसाचं. झाला सायकल मार्ग! गाड्यांच्या रस्त्याची वीतभर जागा कमी केली नाही. आमची अर्धी तोडून दिली, आणि आता दोन बारके जीव एका चतकोरावर भांडताहेत. रेघ मारणारे गाडीत बसून, काच वर करून निघून गेले. त्या चित्रातला माणूस तरी बघा, सायकलच्या चाकाखाली आल्यासारखाच दिसतो.

हे सगळं कळतं मला. तरी आज सकाळी माझ्या खांद्याला हिसका रेघ मारणाऱ्याने दिला नव्हता. कल्ले पिकलेल्या, कानात गाणी लावलेल्या, एका हाताने मोबाइल धरलेल्या एका घोड्याने दिला होता. घंटी वाजवली म्हणे. कुठल्या हाताने?

उद्या सकाळी मी बाबांना घेऊन निघणार आहे. भिंतीकडून ते, बाहेरच्या बाजूने मी, हातात हात घालून, फूटपाथच्या बरोब्बर मधून, ताशी 3 किलोमीटरने. वाजू दे मागे घंटी. काकू आहे मी, मला जरा कमीच ऐकू येतं.