निर्माता व्हायचंय? दोन गुंठे तयार ठेवा

उसाचं बिल खात्यावर जमा झालं की कोल्हापूरकराच्या डोक्यात दोनच किडे वळवळतात. पहिला नव्या गाडीचा. तो असेल तर पुढं वाचू नका, शोरूम गाठा. दुसरा नाटक काढायचा. तो ज्याला चावला त्याच्यासाठी हा सल्ला, आणि तोही फुकट.

नट व्हायला शिबिरं आहेत. मे महिन्यात दहा दिवसांत अभिनय शिकवून, प्रमाणपत्र हातात देऊन पोरं घरी सोडतात. लेखक-दिग्दर्शकांना स्पर्धा आहेत. निर्मात्याला कोण शिकवणार? तो पैसे घेऊन आलेला असतो, त्याला शहाणं करून कुणाचं भलं होणार आहे? लंडनवाले या बाबतीत अगदीच भाबडे. तिथं ‘स्टेज वन’ नावाची एक धर्मादाय संस्था व्यावसायिक नाटकांच्या नवख्या निर्मात्यांसाठी कार्यशाळा घेते, मुरलेल्या निर्मात्यांच्या हाताखाली उमेदवारी करायला लावते, वर हातखर्चाला पैसेही देते. म्हणजे पाठीला डबा बांधून पाण्यात सोडतात. आपण पुरातल्या पंचगंगेत थेट ढकलतो. वर आला तो निर्माता, नाही आला तो ‘रसिक’.

सुरुवात डिजिटल बोर्डापासून करा. नाटकाचं नाव नंतर ठरलं तरी चालतं. त्यावर तुमचा फोटो नायिकेपेक्षा मोठा हवा. वाढदिवसाला काढलेला, गॉगल घातलेला असला तर उत्तमच. घरात ‘तालमीला चाललोय’ म्हणून सांगा. लंगोट घेतलास का, असं आजोबा विचारतील. त्यांचा गैरसमज दूर करू नका. अंग दोन्हीकडं मोडतं. फरक इतकाच, की त्या तालमीत खुराक तुम्ही खाता, इथं पंधरा जणांचा तुम्ही पुरवता.

संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते, तेवढं विसरू नका. हिशेबाची वही मात्र कुठलंच मंडळ तपासत नाही, तेव्हा ती घालूच नका. नटाचं दर प्रयोगाचं मानधन म्हणजे ‘नाईट’, तेही हळूहळू कळेल. प्रयोग दुपारी चारचा असला तरी द्यायची ती नाईटच. बॅकस्टेजवाले, नेपथ्याचा टेम्पो, कलाकारांची बस, लॉज, जेवणं, पेपरातली जाहिरात, थिएटरचं भाडं, हे सगळं पडदा उघडायच्या आधी तुमच्या खिशातून. प्रेक्षकाचे पैसे मात्र पाऊस नसला, टीव्हीवर मॅच नसली आणि घरी पाहुणे नसले तर. सरकारनं नाटकाच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी माफ केलाय. पण पासावर कुठलाच कर नाही, तेव्हा जाणकार मंडळी पासच पसंत करतात.

या पासांचं शास्त्र मी दोन गुंठे विकून शिकलो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आमचा टेम्पो खंबाटकीत बंद पडला. सेट साडेपाचला आला, प्रयोग सहाचा. विंगेत हातोडे चाललेले आणि मी तिकीट खिडकीत. एक गृहस्थ सहकुटुंब आले, पाच माणसं. “आम्ही पाहुण्यांचे पाहुणे.” कुठल्या पाहुण्यांचे? “ते येतील मागनं.” त्यांना दुसऱ्या रांगेत बसवलं. मग कुठल्याशा खात्याचे साहेब आले, साहेबांचा ड्रायव्हर आला, ड्रायव्हरचा मेव्हणा आला. सातव्या रांगेत स्वतःच्या पैशानं तिकीट काढून आलेले एक निवृत्त मास्तर होते. सेटला उशीर झाला म्हणून हॉलमधून पहिली शिट्टी आली, तीही दुसऱ्या रांगेतून. मास्तर गप्प बसून होते. तिसरी घंटा पावणेसातला झाली. रात्री गल्ला मोजला, तर त्यात टेम्पोचं डिझेल निघालं. तेही जातानाचं नाही, फक्त येतानाचं.

घाबरू नका, तुमच्या आधी मोठमोठी माणसं बुडालीत. गंधर्व नाटक मंडळीवर कर्जाचा डोंगर झाला, आणि तिथं तर खुद्द बालगंधर्व गात होते. तुमच्याकडं मालिकेतली सून आहे, तुमचं चांगलंच होईल. आमच्या गायक नट केशवराव भोसल्यांनी १९०८ मध्ये ललितकलादर्श ही नाटक कंपनी काढली तेव्हा मिसरूडही फुटलं नसेल. १९२१ मध्ये ते आणि बालगंधर्व, दोन कंपन्यांचे मालक, टिळक स्वराज्य फंडासाठी ‘मानापमान’मध्ये एकत्र उभे राहिले. आता दोन निर्माते रविवारच्या एका तारखेसाठी थिएटरच्या ऑफिसात एकत्र उभे राहतात. परंपरा चालू आहे.

शाहू महाराजांनी १९१५ मध्ये खासबागेच्या कुस्ती मैदानाला लागून पॅलेस थिएटर उभं केलं. पुढं त्याला केशवरावांचं नाव दिलं. कुस्तीशेजारी नाटक, दोन्ही सारख्याच इतमामानं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. आम्ही सगळे जमलो. नुसत्या दगडी भिंती राहिलेल्या, आत काळा चिखल, ओल्या राखेचा वास. शेजारी एकजण ढसाढसा रडत होता. मलाही राहवलं नाही. जरा सावरल्यावर विचारलं, “शेवटचं तिकीट कधी काढलं होतंत इथं?”

त्यानं डोळे पुसले. “तिकीट? छे हो, आम्हाला इथं पहिल्यापासून पास.”